मार्थामावशीची मोजदाद

माझ्या लांब राहणाऱ्या नातवंडांनो,

रीटाचं पत्र परवा आलं. बातमी तुम्हां सगळ्यांना कळली असेलच. पत्राच्या शेवटी तिनं मला एक प्रश्न विचारलाय. "आईने लिहिलंय, आता तू दोन जिवांची आहेस, जपून राहा. आजी, दोन जिवांची म्हणजे काय? मी लठ्ठ झालेय असं म्हणायचंय का तिला?"

मला हसू आलं. मग चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं. तुमच्या आईनं तो शब्द सहज लिहिला असणार. आपल्याकडे गरोदर बाईला असंच म्हणतात. मला मात्र तो कधी सहज ऐकू येत नाही, कारण त्या शब्दामागे माझ्यासाठी एक बाई उभी असते. तिला पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलं असेल असं वाटत नाही, आणि माझे डोळेही किती दिवस साथ देतील सांगवत नाही. म्हणून आजच लिहायला बसले. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं सांगायची सवय आहे. तसंच सांगेन.

आमचं गाव आष्टीच्या पुढं, निजामाच्या राज्याच्या अगदी काठावर होतं. गावाबाहेरच्या माळावर मिशनची एका खोलीची शाळा होती आणि तिथं माझे वडील मास्तर होते. शाळेला लागून थोडी ख्रिस्ती घरं. फादर नगरच्या बाजूनं, इंग्रजांच्या हद्दीतून घोड्यावर यायचे, मिस्सेची उपासना करायचे आणि परत जायचे. ते नसत तेव्हा आमच्या वाडीतली प्रार्थना, पोरांची धर्मशिकवण, आजारपणं आणि बाळंतपणं हे सगळं मार्थामावशी बघायची.

ती सुईण होती. तिची आई सुईण, आजीही सुईण. मांगवाड्यात जन्मलेली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतलेली. प्लेगात सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं, तेव्हा मागे राहिलेल्या आजाऱ्यांना पाणी द्यायला तिचा नवरा रोज गावात जायचा. तो त्यातच गेला. ती त्याबद्दल एवढंच म्हणायची, "त्यांना तहान लागली असंल, म्हनून गेले."

गावातल्या बहुतेक पोरांना जन्मताना पहिला हात तिचा लागलेला होता. त्याच घरांत पाण्याच्या घागरीला तो हात लागलेला चालायचा नाही. माझ्या आईनं एकदा त्यावरून संताप केला, तर मावशी म्हणाली, "पोर इटाळ न्हाई धरत, बाय. मोठं झालं की मंग शिकतंय."

आमच्याकडच्या बोलण्यात 'था'चा 'ता' होतो, म्हणून गाव तिला 'मारताबाई' म्हणायचं. सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, गफूर जमादार होते. दखनी बोलायचे. ती दिसली की त्यांचं ठरलेलं असायचं, "क्या मारता, आज कितनों को जिलाई?" मारता म्हणजे मारणारा, आणि हिचं काम जीव जगवायचं. हा विनोद त्यांना कधी शिळा वाटला नाही. तीही दर वेळी हसायची.

उंच, हाडकुळी, पायात पुरुषी चपला. नवऱ्याच्या होत्या. चालताना त्यांचा फटफट आवाज व्हायचा, आणि अडलेल्या बाईला तो दारापर्यंत येईस्तोवर धीर यायचा, असं आई सांगायची. मूल बाहेर आलं की ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायची, "आलास का? बरं केलंस." मुलगी झाली आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली, तर तेच दारातल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आलीस का? लई बरं केलंस."

आता तिची मोजदाद सांगते.

उन्हाळ्यात आमच्या वाडीचा आड तळाला जायचा. मग नियम असा की दर बाईला एकच घागर. मावशी आडाच्या कडेला दगडावर बसून तो पाळायला लावायची. पण रांगेत कुणी गरोदर बाई आली की हात वर करून म्हणायची, "ही दोन जिवांची हाय. हिच्या दोन."

"आगं, पोटातच हाय की त्ये अजून," एखादी कुरकुरायची. "त्याला कशाला पानी?"

"मंग त्यालाच इचार की, तहान लागली का म्हनून."

मिस्सेला किती जण आले हे फादरांना सांगायचं काम तिचं. त्यातही ती तसंच मोजायची. माझ्या वडिलांना हिशोब चोख लागायचा. ते म्हणाले, "मावशी, उद्या शाळेच्या हजेरीतही धरायला लावाल."

"हजेरीत नगा धरू, मास्तर. त्याला अजून पाटी न्हाई."

फादर परदेशातून आलेले. त्यांनी मराठी नेटानं शिकली होती. हा शब्द त्यांनी मावशीकडूनच उचलला आणि लगेच प्रवचनात घातला. पण जीव आणि जीभ यांत त्यांची गफलत झाली. वेदीसमोर उभे राहून ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "दोन जिभांची बाई देवाला प्रिय आहे." सगळ्या बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. एकीचा नवरा मागून म्हणाला, "मंग आमची लईच प्रिय असंल." मावशी एकटी हसली नाही. मिस्सा झाल्यावर तिनं त्यांना बाजूला नेऊन शब्द नीट म्हणून घेतला, आणि पुढच्या खेपेला त्यांनी बरोबर म्हटला.

दुसऱ्या मिशनचे एक पाळक आष्टीच्या बाजाराला यायचे. 'खून करू नको' ही आज्ञा त्यांच्या मोजणीत सहावी, आमच्या कॅथलिक मोजणीत पाचवी. त्यावरून ते वडिलांशी हटकून वाद घालायचे. एकदा मावशी शेजारी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "पाचवी असू द्या न्हाईतर सहावी. 'मारू नको' असंच म्हनतीय न्हवं?" पाळक हो म्हणाले. "मंग चहा घ्या," ती म्हणाली.

आम्हां पोरांना ती ही आज्ञा प्रश्नोत्तरांनी शिकवायची. जीव कुणाचा? आम्ही ओरडायचो, देवाचा. राजाचा जीव? देवाचा. चोराचा? देवाचा. पोटातल्याचा? देवाचा. खाटंवरल्या म्हाताऱ्याचा? देवाचा. मग आमच्यातलं कुणी तरी तिच्या शेळीचं विचारायचं आणि ती म्हणायची, "गप बस." शेवटचा प्रश्न ठरलेला होता. "मंग आपुन कोन?" त्याचं उत्तर, "राखणदार." ते तिनंच केलेलं होतं. पुढे बोर्डिंगात सिस्टरांनी मला हीच शिकवण मोठ्या इंग्रजी पुस्तकांतून दिली. शब्द पुष्कळ वाढले, पण तिच्या प्रश्नांपलीकडचं काही त्यांत मला सापडलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती सांगते. यातलं थोडं मी पाहिलं, बरंचसं आईकडून आणि जमादारांकडून ऐकलं, आणि शेवटचं स्वतः मावशीनं सांगितलं.

गावच्या पाटलांची धाकटी भावजय चंद्रभागा लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा झाली होती. माझ्या थोरल्या बहिणीहून थोडी मोठी असेल. तिला दिवस गेले. कुणाचे, हे गाव कुजबुजत असेल. मावशीनं ते कधी विचारलं नाही, त्यामुळे मलाही सांगता येत नाही. तिचं माहेर तापट होतं. भावांना कळलं तर ते तिला जिवंत ठेवणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटलांना अब्रूची काळजी होती. शेजारच्या गावात मुळ्या देणारी एक बाई होती. तिच्या काढ्यानं आधीच्या साली एका पोरीचं मूलही गेलं होतं आणि ती स्वतःही गेली होती. पाटील काही अगदी निर्दय नव्हते. हात जपून चालवणारी बाई हवी, म्हणून ते भर दुपारी आमच्या वाडीत आले. एरवी त्यांची सावलीही तिकडे पडायची नाही. मावशी दारात ज्वारी पाखडत होती. माझी आई भिंतीपलीकडे होती, तिनं सगळं ऐकलं.

पाटील उभ्यानंच म्हणाले, "मारते, घरात अडचन हाय. चंद्राला मोकळी करायचीय."

मुलांनो, इथं एक शब्द समजून घ्या. आपल्याकडे बाई बाळंत झाली की म्हणतात, मोकळी झाली. आणि पोट पाडायचं असलं तरी कुजबुजून तोच शब्द वापरतात.

सूप हलायचं थांबलं. मावशी म्हणाली, "कावून?"

"कावून काय इचारतीस? कळतंय न्हवं तुला?"

मावशीनं सुपातले दोन खडे वेचून टाकले. आईला वाटलं, आता ती नाही म्हणेल. पण ती नाही म्हणाली असती तर चंद्रभागा दुसऱ्या दिवशी त्या मुळीवाल्या बाईकडे गेली असती.

"मोकळी करते, पाटील," ती म्हणाली. "पन तुमच्या वाड्यावर न्हाई. माझ्याकडं पाठवा. चार दिस ऱ्हाईल, कुनाला कळनार न्हाई."

पाटील सुटल्यासारखे निघून गेले. दिवेलागणीला चंद्रभागा आली. डोक्यावरून पदर, हातात एक गाठोडं. मी तिला फक्त तेव्हाच पाहिली. तिनं आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "लई दुखतंय का वं त्याला?" स्वतःला दुखतं का, असं तिनं विचारलं नाही. मावशीनं तिचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "कुनालाच काय दुखनार न्हाई. जेव आधी." पानात दोन भाकरी वाढल्या. एक तिची, एक दुसऱ्याची.

सकाळी उजाडल्यावर मावशीनं बैलगाडी जुंपून घेतली. गाडीवान आमच्याच वाडीतला. सरहद्दीपलीकडे मिशनच्या सिस्टर होत्या, तिथं चंद्रभागेला नेऊन पोचवायचं होतं. वाटेत एकच नाका, गफूर जमादारांचा.

पुढचं जमादार आमच्या ओसरीवर बसून कितीदा तरी सांगत. गाडी थांबली. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "क्या मारता, किते लोगां हैं गाडी में?"

मावशी म्हणाली, "चार."

जमादारांनी पाहिलं. गाडीवान, मावशी, आणि पदराआड तोंड लपवलेली एक बाई. "तीनच दिखते मेरे कू. चौथा कां है?"

आता विचार करा. तीन म्हटलं असतं तर गाडी तशीच पुढे गेली असती. विधवेला दिवस गेलेत हे नाक्यावर कशाला सांगायचं? पण मावशीला मोजताना एक जीव गाळणं जमलं नाही. ती म्हणाली, "ही दोन जिवांची हाय, जमादारसाब. चारच मोजा."

जमादारांनी त्या बाईकडे पाहिलं. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी आडवा बांबू वर केला. "चार तो चार. जाव."

इकडे पाटलांना काय शंका आली देव जाणे. त्यांनी गड्याला वाडीत पाठवलं, झोपडी बंद दिसली, आणि गडी घोडा दामटत नाक्यावर आला. घाईत विचारलं, "जमादार, गाडी गेली का हिकडून? गाडीवान अन् दोन बाया. तिघं."

"तिघां?" जमादारांनी दाढी कुरवाळली. "नहीं बा. सुबे से एकच गाडी गई. उसमें चार लोगां थे."

"चार? मंग त्यी न्हाई," गडी म्हणाला, आणि घोडा वळवून कडा गावाच्या वाटेनं गेला.

जमादार हे सांगताना मांडीवर थाप मारत. "मैं झूट बोला क्या, मास्तर? उसने चार गिनाई, मैं चार बोला."

काही महिन्यांनी मावशी परत आली, तेव्हा ज्वारी काढून झाली होती. तिला पाटलांच्या चावडीवर बोलावलं. वाडीतली माणसं लांब उभी होती. मीही वडिलांचं बोट धरून होते, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"मोकळी करते म्हनली हुतीस," पाटील म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

"केली, पाटील. सुखरूप मोकळी झाली. मुलगी हाय. दोघी बऱ्या हायेत."

पाटलांचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसताच थकलेला दिसला. त्यांनी फर्मान काढलं की गावातल्या कुणी हिला बाळंतपणाला बोलवायचं नाही. बायकांनी ते फार दिवस पाळलं नाही. कळा सुरू झाल्या की कोण पाटलांना विचारायला जातं? चपलांची फटफट पुन्हा दारोदार ऐकू यायला लागली, फक्त मागच्या दाराला. पाटलांनी कानावर हात ठेवले.

काही वर्षं गेली. मी शिकायला बोर्डिंगात गेले. तेवढ्यात पाटलांना पक्षाघात झाला. एक अंग गेलं, वाचा जड झाली. मुलांनी सुरुवातीला केलं, मग कंटाळली. पाटील घास तोंडाशी आला की दात मिटायचे. घरातली माणसं म्हणायला लागली, आता देवानं सोडवावं. ताट ठेवायचं आणि उचलून न्यायचं, एवढंच उरलं. शेवटी पाटलीणबाईंनी मावशीला निरोप धाडला.

ती गेली. रोज दुपारी जायची, पाटलीणबाईंनी केलेली पेज चमच्यानं पाजायची, अंग पुसायची, कूस बदलायची. घरातल्या कुणीतरी विटाळाचं काढलं. पाटलीणबाई म्हणाल्या, "तिच्या हातानं गिळत्यात न्हवं? मंग तिच्याच हातानं गिळू द्या."

त्या दिवसांतलं एक बोलणं मावशीनं मला मी सुट्टीत आले असताना सांगितलं. पाटील तिला म्हणाले, तुटक तुटक, "मारते, मला मोकळा कर. धोत्रा तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "देनार न्हाई. मोकळं करनं म्हंजी काय, त्ये मी तुमाला येकदा दावलंय."

पाटलांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दुसरा डोळा मेलेला होता.

मग तिनं आणखी एक सांगितलं. "त्या दिशी तुमाला जे वाटलं, त्ये मी वाटू दिलं, पाटील. त्येवढं माझं चुकलं. फादरांपाशी बोललेय, तुमच्यापाशी बोलायचं राह्यलं हुतं. बाकीचं मातर चुकलं न्हाई."

पाटलांनी मान तिच्याकडे वळवली. मग विचारलं, "पोरगी?"

"शाळंत जातीया. वाचाया लागली. लई मोठ्यानं वाचती, सिस्टर कानात बोटं घालत्यात."

पाटलांचं अर्धं तोंड हसलं. मावशी म्हणाली, "जायाच्या येळंला जाताल. तवर मी हाय. तोंड उघडा." आणि त्यांनी तोंड उघडलं. पुढच्या उन्हाळ्यात ते आपल्या वेळेनं गेले. ती त्यांच्या उशाशी बसलेली होती.

मी तिला शेवटचं पाहिलं ते लग्नानंतर माहेरी आले तेव्हा. तुमच्या आजोबांनी मला आष्टीकडच्या गाडीत बसवून दिलं होतं आणि माझे दिवस अजून कुणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. मावशी खूप म्हातारी झाली होती, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण आडाच्या कडेला त्याच दगडावर बसलेली होती. त्याच चपला, एक अंगठा तुटलेला. मी पाया पडायला वाकले. तिनं माझा चेहरा चाचपला, खांदे चाचपले, मग तळहात माझ्या पोटावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"हिच्या दोन," ती रांगेतल्या बायकांना म्हणाली.

मग माझ्या पोटाशी तोंड आणून हळूच, मला ऐकू न येण्यासारखं काहीतरी बोलली. मी विचारलं, "काय म्हणालीस, मावशी?"

"तुला न्हाई म्हनलं, बाय."

ते बाळ म्हणजे तुमची आई.

मावशीची झोपडी आता नाही. शाळा पडली, आड बुजला. तिचं थडगं कुठलं ते तिथल्या कुणाला दाखवता आलं नाही. गेल्या दुष्काळात मी तिकडे गेले होते. वाडीत टँकर येत होता आणि बायका भांडी घेऊन उभ्या होत्या, दर बाईला एक घागर. एक अवघडलेली पोरगी मागून आली. तिला पुढे घेतलं आणि तिच्या दोन घागरी भरून दिल्या. हे कुणी ठरवलं असं मी विचारलं, तर कुणाला सांगता आलं नाही. आमच्यात असंच हाय, एवढंच त्या म्हणाल्या.